एक वीत पुढे

माय,

तुझ्या शाळेच्या मुलींचा गोल मी रद्द केला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं सावकाश सांगता येईल. मागच्या रविवारी जळगावला मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. मी कडेच्या रेषेवर होते, झेंडा माझ्या हातात होता आणि तो मी वर केला. पुढे अमळनेर हरलं. तुझ्या त्या टीमला आता तुझीच एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. सामना संपल्यावर मुलींना बसकडे नेताना ती माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "तुनी माय आज ऱ्हाती तं..." पुढचं बोललीच नाही, मुलींच्या मागोमाग निघून गेली. ते अर्धं वाक्य आठवडाभर माझ्याबरोबर कामावर येतंय आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी परततंय. तू आज असतीस तर काय? माझ्या कामात अर्धा आकडा चालत नाही. म्हणून ते वाक्य पुरं करायला बसले आहे.

आधी आमचे हिवाळे सांगते, कारण हे सगळं तिथून सुरू झालं. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. नंतर इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर झाले, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागले आणि लग्न करून धुळ्याला आले. कारखान्यातली दाबाची आणि तापमानाची मीटरं खरं बोलतात की खोटं, आणि खोटं बोलत असतील तर किती, हे ठरवणं माझं काम. तुझा जावई तू पाहिला नाहीस. धुळ्यात त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. तो बोलका आहे, मी नाही. तो मोठ्याने हसतो, मोठ्याने शिंकतो, गिऱ्हाइकाशी अहिराणीत आणि कंपनीच्या माणसाशी हिंदीत सारख्याच मोठ्याने भांडतो. मी त्याला घरात 'तू' म्हणते आणि त्याच्या आईसमोर 'तुम्ही', आणि हे त्याच्या आईला चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडचा उन्हाळा नुसता सोसायचा असतो. पेरणीच्या तोंडावर त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. उरतो तो हिवाळा, आणि तो आम्ही दोघांनी स्वतःसाठी राखून ठेवलेला आहे. शनिवारी संध्याकाळी फुटबॉल, रविवारी जळगाव. नातेवाइकांची लग्नं, बारशी, जागरण-गोंधळ यांतून हे दोन दिवस सोडवून आणणं सोपं नसतं. लोक बोलतात. "दोघंच काय हिंडतात?" असं त्याच्या आत्याने एकदा माझ्यासमोरच विचारलं. मी म्हटलं, "तिसरं कोणी येत नाही म्हणून." त्यानंतर विचारलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी टीव्हीवर इंग्लंडमधला सामना लावला. तिकडची दुपार म्हणजे आपल्याकडची दिवेलागण, त्यामुळे पहिला सामना सोयीचा पडतो. तो क्रिकेटवाला. शेजारी बसला, भाजलेल्या शेंगांची पाटी पुढ्यात ओढली, आणि बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "इतका वेळ झाला, कोणी काहीच केलं नाही." मी म्हटलं, "पाहत राहा." तो पाहत राहिला. माझ्यासाठी पाहत होता हे मला कळत होतं, पण मी तसं दाखवलं नाही. संक्रांत येईपर्यंत तो खुर्चीवरून उठून टीव्हीसमोर उभा राहायला लागला होता. झेंडा धरून कडेने पळणाऱ्या पंचाला तो 'मामा' म्हणतो, एस.टी.च्या कंडक्टरला म्हणावं तसं. "ओ मामा, झेंडा खाली घ्या! ओ मामा, चष्मा लावा!" सासूबाई शाल पांघरून आमच्यात येऊन बसतात. त्यांना खेळाशी देणंघेणं नाही, माणसांशी आहे. गोलकीपरकडे पाहून एकदा म्हणाल्या, "त्या एकलालेच थंडी वाजी ऱ्हायनी का? बाकीनास्ना हातमा मोजा काबर नहीत?" त्यावर माझा नवरा इतका हसला की गोल बघायचा राहिला, आणि मग रिप्ले बघताना मामाला पुन्हा शिव्या.

ऑफसाइड मात्र त्याच्या डोक्यात शिरेना. मी शब्दांत सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. तो म्हणायचा, "पुढे आहे म्हणून काय झालं? पुढे जायचंच असतं ना?" शेवटी मी बाजारातून आणलेली भरताची वांगी काढली, जमिनीवर पेपर पसरला आणि तुझ्यासारखी मांडी घालून बसले.

ती अमळनेरची संध्याकाळ मला पुरती आठवते. मी सातवीत आहे. दुपारी शाळेच्या मैदानावर तुकड्यांचा सामना झालाय, मी गोल मारलाय, आणि तू शिट्टी वाजवून तो रद्द केला आहेस. तू पंच होतीस. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मैदानभर मुली ओरडत होत्या, "मॅडमनी सोतानी पोरले बी गोल दिन्हा नही!" मी घरी येईपर्यंत रडले नाही, घरी आल्यावर रडले. तुझे बूट दाराशी होते, त्यांत धूळ होती. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाहीस. वांगी घेतलीस, आपली ती मोठाली फिक्या हिरव्या रंगाची, आणि चार एका ओळीत ठेवलीस, एक मागे. "या चार बॅक. ही मागची गोलकीपर." मग मिरची ठेवलीस. "ही तू." लसणाची पाकळी ठेवलीस. "हा बॉल." लसूण मागून सरकवायच्या क्षणी तू मिरचीवर बोट ठेवलंस. मिरचीचं टोक वांग्यांच्या ओळीच्या पुढे गेलेलं होतं. "दिसलं?"

"पण तिथे रेघ कुठे आखली आहे?" मी विचारलं.

"आखलेली नसते. शेवटून दुसरी जी असते ना, तिच्याबरोबर ती रेघ चालते. ती पळाली की रेघ पळते."

"मग दिसणार कशी?"

"बघणाऱ्याला दिसते. बॉल तर बठ्ठं गाव पाहतं. रेघेकडे कोणीतरी पाहायला नको का?"

मी म्हटलं होतं, "तू माझी आई आहेस." तू म्हणालीस, "म्हणून तर वांगी मांडून दाखवतेय. बाकीच्या पोरींना नुसती शिट्टी." मग मला लसूण सोलायला दिलास आणि माझा गोल अडवणारी सगळी बॅकलाइन भाजायला ठेवलीस. त्या भरतावर मी इतका राग काढला की तिसऱ्यांदा भाकरी मागितली.

माझ्या नवऱ्याला हे कळलं ते मिरची सरकवताना. त्याने मिरची स्वतः एकदा मागे-पुढे सरकवून पाहिली आणि म्हणाला, "म्हणजे आगाऊपणा. चेंडू यायच्या आधी जाऊन बसायचं नाही." मी म्हटलं, "हो." तुझी व्याख्या जास्त अचूक होती, पण त्याची वाईट नव्हती. त्या दिवसापासून आमच्या घरी न बोलावता जेवायच्या वेळी टपकणाऱ्या पाहुण्याला ऑफसाइड म्हणतात.

आणि पुढच्या हिवाळ्यात त्याने एक गोष्ट पाहिली, जी मी स्वतः पाहिली नव्हती. एका शनिवारी तो टीव्हीऐवजी माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "तुला माहीत आहे का, तुझा हात मामाच्या आधी वर जातो." मी म्हटलं, "काहीतरीच." तो म्हणाला, "काहीतरीच नाही. मी तीन शनिवार पाहतोय. तू बॉलकडे बघतच नाहीस. गोल झाला की विचारतेस, कोणी मारला." हे खरं होतं. आता त्या मोठ्या सामन्यांत यंत्रं पडद्यावर रेघा काढतात, आणि मला त्यांतलं थोडंफार कळतं. कॅमेऱ्याच्या कोणत्या चित्रात चेंडूने पाय सोडला हे ठरवण्यातही चूक राहतेच, फक्त ती कमी असते. मी अशाच चुका मोजून पोट भरते. पण हात वर जातो तो त्या शिक्षणामुळे नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तो वांग्यांमुळे जातो. त्याने कुठून कुठून चौकशी केली आणि एक दिवस सांगितलं की जळगावला पंचांचं प्रशिक्षण असतं, रविवारी. "आपण तसंही रविवारी जळगावला जातोच." मी म्हटलं, विचार करीन. तो म्हणाला, "कर. फॉर्म भरून टाकलाय."

आमचा जळगावचा रविवार कसा असतो ते सांगते. दुकानाची छोटी गाडी घेऊन सकाळी निघायचं. मागे नेहमी चार पाइप आणि सांध्यांचं पोतं असतंच, कारण वाटेत कोणाला तरी काहीतरी पोचवायचं असतं. पारोळ्याला चहा. रस्त्यात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, त्यांच्या मागे हॉर्न न वाजवता चालायचं, कारण वाजवून उपयोग नसतो. कधी एरंडोलहून पद्मालयाला वळायचं, तळ्यातली कमळं पाहायची. जळगावात पोचलो की मेहरूणच्या तलावाकाठी एक फेरी, मग भरीत-पुरी, मग सराफ बाजारातून नुसतं चालत जायचं. काचेमागचे हार पाहून तो प्रत्येक वेळी म्हणतो, "हा तुझ्या मानेला जड होईल," आणि मी म्हणते, "हो, फार जड." सासूबाईंसाठी केळ्याचे वेफर. हे सगळं लिहिताना किरकोळ वाटतं. पण तू आणि आबा दोघंच असं कुठे गेल्याचं मला आठवत नाही. एकदाच गेलात, जळगावलाच, मुलींची टीम घेऊन, आणि आबा चेंडूंची जाळी मांडीवर घेऊन एस.टी.च्या मागच्या सीटवर बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, "मजा आली." ते असं कधी म्हणत नसत. म्हणून मी हे किरकोळ समजत नाही.

मग प्रशिक्षण झालं, परीक्षा झाली, आणि या हिवाळ्यात रविवारच्या फेरीत माझे सामने आले. पहिल्याच सामन्याला आयोजकांकडे एकच झेंडा निघाला, दुसरा सापडेना. मी बाजूला उभी राहून काय करायचं याचा विचार करत होते, तेवढ्यात हा गाडीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा होता आणि त्याला केशरी ब्लाउजपीस बांधलेला. समोरच्या दुकानातून आणला म्हणे. मी त्याला कधीतरी सांगितलं होतं की तू शाळेचे झेंडे ब्लाउजपीसचे करायचीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आलेले, या घरातून त्या घरात फिरणारे, कोणीच कधी न शिवणारे ते ब्लाउजपीस. तू म्हणायचीस, "एवढे हिंडलेत, आता मैदानावर हिंडू देत." मशीनवर दुमड घालून काठीला बसवायचीस. शेजारच्या काकूंनी एकदा स्वतःचाच ब्लाउजपीस कॉर्नरला फडफडताना ओळखला होता. मी हे एकदाच सांगितलं होतं, तेही सहज. त्याने लक्षात ठेवलं होतं. "चालेल का?" त्याने विचारलं. मी झेंडा दोनदा वर-खाली करून पाहिला. तोल बरोबर होता. "चालेल," एवढंच म्हटलं. नंतर घरी मी त्याला दुमड घातली. आता मी तोच झेंडा नेते.

अंतिम सामन्याला मी उभी राहणार नव्हते. ज्याची नेमणूक होती त्याचा पाय सकाळी मुरगळला. अमळनेरची टीम आहे म्हटल्यावर मी मुख्य पंचांकडे गेले. भुसावळचे आहेत, पांढऱ्या मिशांचे. म्हटलं, "सर, माझी आई या शाळेत शिकवायची. मीही तिथेच शिकले. दुसऱ्या कोणाला उभं करा." ते म्हणाले, "ताई, ज्या शाळेशी कोणाचंच काही नातं नाही अशी शाळा या जिल्ह्यात सापडली तर मला सांगा. दुसरं आहे कोण? झेंडा धरा." तरी मी त्यांना दोन्ही टीमच्या प्रशिक्षकांना विचारायला लावलं. जळगावच्या टीमचे सर म्हणाले, हरकत नाही. तुझी विद्यार्थिनी मात्र मला पाहून धावतच आली. तिने माझे दोन्ही हात धरले. आपल्या मुलींकडे वळून म्हणाली, "हाई मॅडमनी पोर शे! काळजीच नही आते." मुली माझ्याकडे पाहून हसल्या. मला तेव्हाच ते आवडलं नाही, पण काय बोलणार? हात सोडवून घेतले आणि रेषेवर गेले. जाताना एवढं मनात आलं की तुझ्या वेळची टीम कधी अंतिम सामन्यापर्यंत पोचली नव्हती. उपांत्य फेरीत दोनदा हरलात. दुसऱ्यांदा हरलात तेव्हा तू रात्रभर मशीनवर बसून कोणाचं तरी उसवलेलं शिवत होतीस.

माझा नवरा अमळनेरवाल्यांमध्ये जाऊन बसला होता. "सासुरवाडीची टीम," म्हणाला. शेंगांचा पुडा घेऊन बसला आणि आजूबाजूलाही थोड्या वाटल्या. सामना चांगला झाला, माय. तू असतीस तर तुला आवडला असता. तुझ्या शाळेच्या मुली पळतात. त्यांची नऊ नंबरची पोरगी बारीक चणीची आहे, तेल लावून घट्ट दोन वेण्या, आणि पायात चेंडू आला की मागे वळूनही पाहत नाही. दोन्हीकडे गोल नाही. सामना संपत आलेला. मी शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत होते, जिथे असायला हवं तिथेच. मधल्या पोरीने पास दिला. चेंडूने पाय सोडला त्या क्षणी नऊ नंबर पुढे होती. एक वीत. गुडघा आणि बूट. नियम असा की पुढे असलेल्या पोरीने चेंडूला पाय लावेपर्यंत थांबायचं. मी थांबले. तिने पाय लावला. मी झेंडा वर केला. तिने ते पाहिलं नाही, तिला पाहायची सवय नाही, ती सरळ गेली आणि चेंडू जाळीत मारला.

मैदान उठून उभं राहिलं. नाचलं. मग एकेकाला केशरी झेंडा दिसायला लागला. पंचांनी शिट्टी वाजवली. आणि अमळनेरच्या बाजूने सगळ्यांच्या वर एक आवाज आला, जो मी झोपेतही ओळखीन. "ओ मामा! खाली घ्या तो झेंडा! गोल शे तो!"

माझ्या नवऱ्याचा आवाज.

पुढचं त्याने सांगितलं म्हणून मला माहीत. त्याच्या शेजारी एक म्हातारे बाबा होते, कोणत्या तरी खेळाडूचे आजोबा. ते म्हणाले, "भाऊ, मामा नही, बाई शे ती." हा म्हणाला, "माले माहीत शे. मनीच बायको शे." बाबा म्हणाले, "मंग सांगा ना तिले!" त्यावर हा म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगीसन पाहा." मग तो खाली बसला आणि सामना संपेपर्यंत एक शेंगही फोडली नाही म्हणे. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. कोणाकडेच पाहिलं नाही. पंचांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा झेंडा आडवा धरला, म्हणजे गुन्हा मैदानाच्या मध्यावर झाला. लोक खूप काही बोलत होते. तुझी विद्यार्थिनी रेषेच्या पलीकडून म्हणाली, "अगं, मॅडमनी पोर ना तू?" माझा हात हलला नाही. हे मी अभिमानाने लिहिते. मीटर तपासताना मी काट्याचं थरथरणं पाहते, तसं मी त्या पाइपच्या टोकाकडे पाहिलं होतं. ते स्थिर होतं.

मग पेनल्टी झाल्या आणि जळगाव जिंकलं. मुली रडल्या. मी पाण्याची बाटली घेऊन झाडाखाली बसले होते तेव्हा ती नऊ नंबर आली. डोळे पुसलेले, गालावर मातीचे ओघळ. कोणी पाठवलं नव्हतं. म्हणाली, "मॅडम, किती पुढे होते मी?" मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "एवढी." तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःची वीत ताणून माझ्या वितीशेजारी धरली. तिची लहान होती. "माझी एक आणि थोडं," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो. पास निघेपर्यंत थांब. तुझे पाय इतके जलद आहेत की एवढं थांबलीस तरी तूच पोचशील." ती मान हलवून गेली. तुझ्याकडे वांगी होती. माझ्याकडे फक्त हात होता. त्यानंतर बसकडे जाताना तुझी विद्यार्थिनी थांबली आणि ते अर्धं वाक्य बोलली.

परतीच्या वाटेवर माझा नवरा एरंडोलपर्यंत गप्प होता. त्याच्यासाठी ते फार झालं. मग म्हणाला, "मामा म्हटलं त्याचं सवयीने झालं." मी म्हटलं, "माहीत आहे." "पण गोल होता." मी खिडकीची काच वर केली. "मी समोर होतो." "तू बॉल पाहत होतास," मी म्हटलं. पारोळ्याला चहाला थांबलो. उरलेल्या शेंगा त्याने टेबलावर ओतल्या, चार ओळीत लावल्या, एक मागे ठेवली, आणि म्हणाला, "दाखव." मी दाखवलं. तो वाकून पाहत होता. शेजारच्या टेबलावरची माणसंही पाहायला लागली. मी शेंग पुढे सरकवली, कुठून पास निघाला, कोण कुठे होतं, सगळं. त्याने दोनदा विचारलं, एकदा हुज्जत घातली. मग मागे टेकला. "आगाऊपणा झाला," म्हणाला. "थोडा." शेवटून दुसरी शेंग उचलून फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले.

तुला हे सांगायचं होतं, माय. तुझा जावई तिथल्या तिथे म्हणू शकला असता, तू म्हणतेस तर तसंच असेल. पुष्कळ नवरे म्हणतात आणि ते ऐकायला बरंही वाटतं. याने सगळ्या मैदानासमोर मला झेंडा खाली घ्यायला सांगितलं, आणि मग पारोळ्यापर्यंत येऊन शेंगा मांडायला लावल्या. पटेपर्यंत मानलं नाही, पटल्यावर लांबण लावली नाही. मला त्याचा अभिमान वाटतो. हे त्याला मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही बहुतेक, पण तुला सांगते.

आणि त्या वाक्याचं. तू आज असतीस तर, तिला वाटतं, तुला वाईट वाटलं असतं. ते खरं आहे. तुला वाईट वाटलंच असतं, तू रात्री मशीनवर बसली असतीस. पण तू मला विचारलं असतंस, "चेंडूने पाय सोडला तेव्हा तू कुठे होतीस?" मी म्हटलं असतं, "रेषेत." आणि तू म्हणाली असतीस, "मग झालं." माझ्या हिशोबाने ते वाक्य इथे पुरं होतं. तुझ्या विद्यार्थिनीला ते पुरं करून द्यायचं माझ्या मनात नाही. तिच्या मुली पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतील. झेंडा कोणाच्याही हातात असो, ती नऊ नंबर तेव्हा पास निघेपर्यंत थांबेल. मी तिची वीत पाहिली आहे.

आज शनिवार आहे. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सामना सुरू झालाय, मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी लिहितेय, गॅसवर वांगी भाजतायत. "ओ मामा!" असं ऐकू आलं, मग जरा थांबून, "बरोबर शे, बरोबर शे, मामा." सासूबाई विचारतायत, आज थंडी कमी शे तरी त्याना हातमा मोजा कसाले. आता मला हाक येईल. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कोणाला दाखवायचंही नाही. एकच सांगायचं राहिलं.

मी वर लिहिलं की पास निघाला, ती पुढे होती, आणि तिने पाय लावेपर्यंत मी नियमाप्रमाणे थांबले. ते खरं आहे. पण त्या थांबण्यात, ती वेण्या उडवत चेंडूमागे सुटली तेव्हा, वीत डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना, मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. तू रेषेवरून तुझ्या पोरींना म्हणायचीस तेच. पळ वं माय, पळ.

मग झेंडा वर केला.